एंडगेमच्या शेवटी म्हातारा स्टीव्ह बाकावर आला कुठून? (माझी थिअरी)

सह्यकडा | शुक्रवार, रात्री १०:१२

२०१९ च्या एप्रिलमध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ पाहून बाहेर पडलो तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसलाय. धाकट्या भावाशी यावरून इतक्या वेळा जुंपली आहे की विषय निघाला की आई मुकाट्याने ताटं उचलायला लागते. या आठवड्यात पुन्हा सगळा सिनेमा थांबवत थांबवत पाहिला आणि उत्तर सापडलंय असं वाटतंय. तुम्ही ते ठोकून बघा.

आधी प्रश्न. टोनी स्टार्कच्या (आयर्न मॅन) अंत्यविधीनंतर स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे १९४५ मध्ये बर्फात गोठून आपल्या काळात जागा झालेला कॅप्टन अमेरिका, अफाट ताकदीचे सहाही इन्फिनिटी स्टोन भूतकाळात जिथून आणले तिथे परत ठेवायला भूतकाळात जातो. यंत्र चालवणारा बॅनर (हल्क) सांगतो, त्याला तिकडे हवा तेवढा वेळ, आपल्यासाठी फक्त पाच सेकंद. पाच सेकंद होतात आणि कालप्रवासाच्या यंत्राचा प्लॅटफॉर्म रिकामा. मागे तळ्याकाठच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. जवळ जाऊन बघतात तर स्टीव्हच, पण म्हातारा. बोटात अंगठी. चाळीसच्या दशकातल्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, अख्खा संसार करून आलेला.

आता गोची बघा. याच सिनेमाने स्वतःचा नियम तीनदा समजावून सांगितलाय. भूतकाळात जाऊन काही बदललंत तरी तुमचा वर्तमान बदलत नाही, तिथे नवी फांदी फुटते. एन्शंट वन ही जादूगार गच्चीवर बॅनरला हवेत रेघ काढून तेच दाखवते. २०२३ ची नेब्युला भूतकाळातून आलेल्या २०१४ च्या नेब्युलाला, म्हणजे स्वतःलाच, गोळी घालते आणि हिच्या केसालाही धक्का लागत नाही. (केस नाहीत, पण मुद्दा कळला असेल.) म्हणजे स्टीव्ह पेगीकडे राहिला तर तो दुसऱ्या फांदीत राहिला. तिकडून आपल्याकडे यायचं तर प्लॅटफॉर्मवर उगवायला हवं. हा बाकावर कसा?

सगळीकडे मिळणारं उत्तर असं की तो कुठे गेलाच नव्हता. आपल्याच जगात, नाव बदलून, पेगीचा नवरा म्हणून गुपचूप राहिला आणि त्या दिवशी चालत येऊन बाकावर बसला. पटकथा लिहिणारे मार्कस आणि मॅकफीली यांचंही हेच मत आहे. दिग्दर्शक रूसो बंधू मात्र म्हणतात की तो दुसऱ्या टाइमलाइनमध्ये राहिला. लिहिणारे एकीकडे, करणारे दुसरीकडे!

मला लेखकांचं उत्तर अजिबात मान्य नाही, आणि त्याचं कारण टाइम ट्रॅव्हलचं गणित नाही. कारण आहे १६ डिसेंबर १९९१. त्या रात्री हायड्रा या दुष्ट संघटनेने स्टीव्हचा जिवलग मित्र बकी याला पाठवून टोनीच्या आईवडिलांना मारलं. स्टीव्हला तारखेसकट माहीत होतं. बकीला किती वर्षं गोठवून, उठवून, माणसं मारायला लावलं हेही माहीत होतं. हा माणूस त्या रात्री घरी बसून राहिला? ज्याने टोनीला तोंडावर सांगितलं होतं की काही चुकीचं घडताना दिसलं की मला दुर्लक्ष करता येत नाही, तो?

माझी थिअरी: तो दुसऱ्या फांदीत राहिला, तिथे जे करायचं ते केलं, पेगी गेल्यावर मनगटावरचं यंत्र पुन्हा बांधलं आणि आपल्या जगात परत आला. फक्त प्लॅटफॉर्मवर न येता थोडा आधी आणि थोडा बाजूला उतरला. हे शक्य आहे याचा पुरावा सिनेमातच आहे. २०१२ च्या न्यूयॉर्कमध्ये टेसरॅक्ट (एक स्टोन असलेला निळा ठोकळा) हातचा गेल्यावर टोनी आणि स्टीव्ह तिथूनच १९७० च्या न्यू जर्सीत, कॅम्प लेहायला उडी मारतात. तिथे कुठे प्लॅटफॉर्म होता? थोरच्या अ‍ॅस्गार्डला होता? मोराग ग्रहावर होता? उतरायला प्लॅटफॉर्म लागतच नाही!

बोला.

कल्याण_स्लो | रात्री १०:२०

पहिला! वाचून येतो.

कल्याण_स्लो | रात्री १०:३४

वाचलं. आमटी गार झाली, पण वसूल. प्लॅटफॉर्मचा मुद्दा एक नंबर, माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. जाताना सगळे नुसते गल्लीबोळांत उगवतात की.

पार्लेकरीण | रात्री १०:५१

सह्यकडा, थिअरी सुंदर मांडली आहे, पण मी लेखकांच्या बाजूची आहे आणि पुरावा घेऊनच आले आहे.

‘विंटर सोल्जर’ हा कॅप्टनचा आधीचा सिनेमा आठवा. स्टीव्ह टोपी घालून स्मिथसोनियन संग्रहालयात स्वतःवरचं प्रदर्शन बघायला जातो. तिथे पेगीची १९५३ ची मुलाखत लागलेली असते. ती बर्फाच्या वादळाबद्दल सांगते, हजारावर सैनिक अडकले होते, त्यांना स्टीव्हने सोडवलं. सुरुवातीला ती ‘स्टीव्ह’ म्हणते, थांबते, आणि मग ‘कॅप्टन रॉजर्स’ म्हणते. पुढे सांगते की त्या सुटलेल्यांत माझा होणारा नवराही होता. तिथेही अडखळते. पूर्ण सिनेमात या नवऱ्याचं नाव नाही. तिच्या पलंगाशेजारी मुलांचे फोटो दिसतात, नवऱ्याचा दिसत नाही. हे सगळं २०१४ चं, एंडगेमच्या पाच वर्षं आधीचं, आणि लिहिलंय त्याच दोघांनी.

माझी आजी आजोबांबद्दल चारचौघांत बोलताना अगदी अशीच अडखळायची. आधी ‘हे’ म्हणायची आणि मग ‘आमच्याकडचे’. नाव घ्यायचं नाही आणि लपवायचंही नाही, असं काहीतरी. पेगीचा तो चेहरा नवऱ्याबद्दल बोलणाऱ्या बाईचा आहे, मी पैजेवर सांगते.

मीठभाकर | रात्री ११:०५

पार्लेकरीण ताईंना पाठिंबा. पेगीवरची ‘एजंट कार्टर’ मालिका बघितलीत का कुणी? तिथे शेवटी तिचं सूसा या सहकाऱ्याशी जुळतं. तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की नवरा म्हणजे हाच. पण ‘एजंट्स ऑफ शील्ड’च्या शेवटच्या सीझनमध्ये (२०२०) त्याच सूसाला १९५५ मधून उचलून भविष्यात नेतात आणि तिकडे त्याचं त्या मालिकेतल्या डेझीशी जमतं. म्हणजे पेगीच्या नवऱ्याची जागा मोकळी झाली!

सह्यकडा | रात्री ११:१८

@मीठभाकर, मोकळी झाली म्हणजे स्टीव्हच बसला असं कुठे सिद्ध होतं? वादळात अडकलेले हजारावर सैनिक होते, त्यातला कुणीही एक.

@पार्लेकरीण, मुलाखतीचा मुद्दा जबरदस्त आहे, मानलं. पण त्याच सिनेमात स्टीव्ह तिला भेटायला जातो तेव्हा पेगी काय म्हणते? मी माझं आयुष्य जगले, वाईट एवढंच वाटतं की तुला तुझं जगता आलं नाही. पन्नास-साठ वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याच्याच तरुण रूपाला हे ती कसं म्हणेल? आणि थोड्या वेळाने विसर पडून ‘तू परत आलास!’ म्हणून रडते. ते रडणं आयुष्यभर वाट पाहिलेल्या माणसाचं आहे. तो प्रसंग मला अजून सलग बघवत नाही.

पार्लेकरीण | रात्री ११:२६

तिला विस्मरण झालं होतं हो. आणि गुपित पाळायचं तर समोरच्या तरुण स्टीव्हला दुसरं काय सांगणार? अजून सगळं घडायचं आहे त्याचं.

घाटावरचा | रात्री ११:४०

मंडळी, रागावू नका. मला वाटतं पटकथेत शेवट गोड हवा होता, म्हणून त्यांनी नियम जरा बाजूला ठेवला. लोकांना बाकावरचा म्हातारा आणि त्याने साथीदार सॅमला ढाल देण्याचा प्रसंग हवा होता. प्लॅटफॉर्मवर म्हातारा उगवला असता तर मजा गेली असती. यापलीकडे यात काही नाही. मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा डोळे ओले झाले, प्रश्न पडला नाही.

सह्यकडा | रात्री ११:५८

घाटावरचा, ओले माझेही झाले. म्हणूनच प्रश्न पडतो. आवडत नसतं तर कशाला डोकं लावलं असतं?

लहानपणी आजोबा रामायण सांगायचे तेव्हा आम्ही विचारायचो, हनुमान अख्खा डोंगर उचलून आणू शकतो तर सीतेलाच खांद्यावर बसवून का आणलं नाही? आजोबांनी कधी ‘गोष्ट आहे, गप ऐक’ असं म्हटलं नाही. हनुमान तयार होता, पण सीतेनेच नाही म्हटलं. रामाने येऊन न्यावं हे तिला हवं होतं, असं त्यांनी नीट सांगितलं. त्या उत्तराने सीता मला जास्त कळली. इथेही तेच आहे. बाकावर कसा आला याचं उत्तर शोधताना स्टीव्ह कसा माणूस आहे ते ठरतं.

घाटावरचा | शनिवार, सकाळी ७:१०

रात्री झोपताना सुंदरकांडच डोक्यात. हा मुद्दा पटला. चालू द्या, मी वाचतोय.

टेन्सर | सकाळी ८:३२

मी फिजिक्स शिकवतो, म्हणून एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट जोडतो. स्टीव्ह आणि त्याचे साथीदार नताशा, स्कॉट टोनीच्या घरी मदत मागायला येतात तेव्हा टोनी नकार देताना भराभर काही शब्द फेकतो. त्यात ‘डॉइच प्रपोझिशन’ येतं. सिनेमागृहात सगळ्यांनी तो नुसता भारदस्त आवाज म्हणून सोडून दिला, पण डेव्हिड डॉइच हे ऑक्सफर्डचे खरेखुरे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. १९९१ मध्ये त्यांनी कालप्रवासाच्या विरोधाभासांवर पेपर लिहिला होता.

विरोधाभास आपल्याला माहीत आहे: मी भूतकाळात जाऊन आजोबांना लग्नाआधीच मारलं तर मी जन्मलो कसा? ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये अनेक विश्वांची कल्पना मांडली होती. डॉइच तीच धरून म्हणतात की तुम्ही ज्या विश्वातून निघालात आणि ज्या विश्वात पोचलात ती दोन वेगळी आहेत. तिथले आजोबा मेले तर तिथला ‘मी’ जन्मणार नाही. इथला मी जन्मलेलाच आहे. भांडण मिटलं.

टोनीने रात्री जागून जे यंत्र बनवलं ते याच पायावर उभं आहे. मग त्याच यंत्राने गेलेला स्टीव्ह स्वतःच्याच जगाच्या भूतकाळात कसा पोचेल? सह्यकडांचं बरोबर आहे. लेखकांचं मत त्यांच्याच पटकथेतल्या टोनीला मान्य झालं नसतं.

कल्याण_स्लो | सकाळी ८:४१

टेन्सर सर, आम्हाला कॉलेजात असं कुणी शिकवलं असतं तर एटीकेटी लागली नसती.

जुना_गडी | सकाळी १०:०५

मी हे सिनेमे नातवामुळे बघतो, त्यामुळे नावं चुकली तर सांभाळून घ्या. पण वरचं सगळं वाचताना मला एकच गोष्ट आठवत होती: जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. मुंबईत उतरतात तर ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. इतिहास नेमका कुठे वळला ते शोधायला ते टाऊन हॉलच्या ग्रंथालयात बसतात, आणि भाऊसाहेबांच्या बखरीत सापडतं: गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. लागली नाही. बास, एवढाच फरक. १४ जानेवारी १७६१ ची एक गोळी आणि दोन इतिहास.

पुढे ते नकळत बखर खिशात घालून आझाद मैदानावरच्या सभेत जातात. अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून थेट मंचावर चढतात आणि लोक चिडतात. त्या झटापटीत बखर हरवते. शुद्धीवर येतात ते आपल्या जगात. कोण विश्वास ठेवणार? पण खिशात बखरीचं एक फाटलेलं पान उरलेलं असतं, नेमकं तेच पान. घरच्या प्रतीत गोळी विश्वासरावांना लागते, या पानावर चुकते.

आता माझा प्रश्न. त्या लढाईत दाढीवाल्या जांभळ्याने कॅप्टनची ढाल तोडली होती ना? नातू म्हणतो अर्धी झाली. मग म्हातारा कॅप्टन बाकाशेजारच्या गोल पिशवीतून जी काढतो ती धड, अख्खी ढाल कुठली?

सह्यकडा | सकाळी १०:१९

काका!!!

ढाल म्हणजे बखरीचं पान!!! हात जोडतो तुम्हाला. इतकी वर्षं मी त्या प्लॅटफॉर्मकडे बघत बसलो आणि पुरावा पिशवीत होता.

(त्या खलनायकाला, थॅनोसला, दाढी नाही, हनुवटीवर रेघा आहेत. पण तुम्ही त्याला काहीही म्हणा.)

टेन्सर | सकाळी १०:३०

जुना_गडी यांना साष्टांग. ती कथा मी अकरावीच्या मुलांना वाचून दाखवतो, आणि तरी मला हे सुचलं नाही.

रानजाई | सकाळी ११:१२

ढालीचा मुद्दा थोडा तपासू. लेखकांच्या बाजूने कुणी असंही म्हणेल की आपल्या जगात राहिलेल्या स्टीव्हने वाकांडा देशातून नवी करून घेतली असेल. ढालीचा धातू, व्हायब्रेनियम, तिकडे ढिगाने आहे.

पण मला दोन्ही थिअरींतला वेगळाच काटा टोचतोय आणि वर अजून कुणी त्याला हात लावलेला नाही. सह्यकडा म्हणतात तसा तो दुसऱ्या फांदीत गेला असेल, तर त्या फांदीतही एक स्टीव्ह आहेच ना? १९४५ मध्ये विमानासकट बर्फात बुडालेला, जिवंत. आपल्या स्टीव्हला तो नेमका कुठे आहे तेही माहीत आहे. मग त्याने काय केलं? बाहेर काढलं, तर पेगी कुणाची? नाही काढलं, तर स्वतःलाच बर्फात ठेवून त्याच्या वाट्याचं आयुष्य जगला? १६ डिसेंबरला घरी बसणं चुकीचं असेल तर हे त्याहून कितीतरी वाईट आहे.

आणि पेगीला कुणी विचारलं का? दारात उभा राहिलेला माणूस तिच्या स्टीव्हसारखा दिसतो, पण याने मधल्या काळात बारा वर्षं वेगळी काढली आहेत, थोर आणि लोकीशी गाठ पडली आहे, थॅनोसमुळे निम्मं विश्व नाहीसं झालेलं पाहिलं आहे. तिने याला हो म्हणताना काय विचार केला असेल, हे मला गोल ढालीपेक्षा जास्त जाणून घ्यायचं आहे.

पार्लेकरीण | सकाळी ११:३०

रानजाई, अगदी मनातलं. त्या दोघांच्या नाचाच्या प्रसंगात आपल्याला खिडकीतून फक्त ते दोघं दिसतात आणि गाणं ऐकू येतं. तिचा चेहरा शांत आहे. मला वाटतं तिला सगळं सांगून झालं होतं. तो खोटं बोलून तिच्या घरात शिरला नसता, इतकं तरी आपण सगळे मान्य करू.

काजूबी | दुपारी १२:४५

फोंड्याहून नमस्कार. गंभीर चर्चेत थोडी लुडबुड.

लेखकांचं खरं धरलं तर ‘सिव्हिल वॉर’ या सिनेमात स्टीव्ह शॅरनचं चुंबन घेतो त्याचं काय करायचं? शॅरन कार्टर, पेगी कार्टर. आडनाव एकच, म्हणजे माहेरकडचं नातं. म्हणजे पेगी तिची आत्या. म्हणजे स्टीव्ह तिचा आतोबा!

कल्याण_स्लो | दुपारी १२:४९

आतोबा 😂😂😂 ऑफिसात जोरात हसलो, शेजारचा विचारतोय काय झालं, त्याला काय सांगू?

मीठभाकर | दुपारी १:०२

मी लेखकांच्या बाजूचा होतो. आतोबानंतर मी तटस्थ आहे.

घाटावरचा | दुपारी १:२०

पहिला दिवस आठवला. आमच्याकडे पहाटे सहाचा शो होता. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा, त्यामुळे कुणीही पाणी प्यायलं नव्हतं. स्टीव्हच्या हातात थोरचा हातोडा आला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ‘हर हर महादेव’ म्हणून ओरडलं. अख्ख्या थिएटरने उत्तर दिलं. शेजारी एक साठीचे गृहस्थ होते, मुलीबरोबर आलेले, त्यांना कोण कुठला काही माहीत नव्हतं, पण तेही उभे राहिले होते. असं पुन्हा कधी अनुभवलं नाही.

जर्सीतली_जाई | संध्याकाळी ७:५५

इकडची सकाळ आहे, आत्ता सगळं वाचलं. थिअरीत भर घालण्याइतकी हुशार मी नाही, पण एक जागा दाखवते.

कॅप्टनच्या पहिल्या सिनेमात विमान बुडत असताना स्टीव्ह आणि पेगी रेडिओवर भेटीचं ठरवतात: पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री आठ, स्टॉर्क क्लब. तो क्लब खरा होता. मॅनहॅटनमध्ये ३ ईस्ट ५३ व्या रस्त्यावर. १९६५ मध्ये बंद पडला, इमारत पाडली आणि त्या जागी १९६७ मध्ये पेली पार्क नावाची चिमुकली बाग झाली. दोन इमारतींच्या मधली एक फट, एवढीच. मागच्या भिंतीवरून वीस फुटांचा धबधबा पडतो. त्याच्या आवाजात रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत नाहीत. पांढऱ्या तारेच्या खुर्च्या असतात, कुठेही ओढून बसा.

माझं ऑफिस तिथून दोन रस्ते पलीकडे आहे. मी पोळीभाजीचा डबा घेऊन बऱ्याचदा तिथे बसते. हा क्लब इथेच होता हे कळलं त्या दिवशी घास खाली उतरेना. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या आणि एकीवर कुणी नव्हतं.

लेखकांच्या मते स्टीव्ह आमच्याच जगात चाळीसच्या दशकाच्या शेवटी परत आला असेल, तर क्लब चालू असताना त्याला पंधराएक वर्षं मिळाली. पण नाव बदलून, तोंड लपवून राहणारा माणूस अशा गाजलेल्या क्लबात बायकोला नाचायला कसा नेणार? दुसऱ्या फांदीत मात्र तो उजळ माथ्याने नेऊ शकला असता. मला ते व्हायला हवंय. म्हणून माझं मत सह्यकडांना.

सह्यकडा | रात्री ८:२०

जाई, हे वाचून काय लिहावं कळत नाही. त्या खुर्चीचा फोटो असला तर टाका.

कल्याण_स्लो | रात्री ९:०३

मी वयाचं गणित केलं. स्टीव्हचा जन्म ४ जुलै १९१८. बर्फात गेला तेव्हा साधारण २७. बर्फातून निघाल्यापासून २०२३ पर्यंत बारा वर्षं, म्हणजे निघताना शरीराचं वय ३९. लेखकांचं धरून तो १९४९ पासून सरळ २०२३ पर्यंत जगत आला असेल, तर ३९ अधिक ७४ म्हणजे ११३! बाकावरचा म्हातारा ११३ चा दिसतो का? ज्या सीरमने त्याला ताकद आली त्यामुळे सावकाश म्हातारा झाला म्हणाल तर ठीक. पण सह्यकडांच्या थिअरीत असं काही बंधन नाही, तो तिकडून ऐंशीचा असतानाही निघू शकतो.

मीठभाकर | रात्री ९:१५

पण पेगी गेल्यावर निघाला म्हणताय ना? तिकडेही ती २०१६ पर्यंत जगली असेल तर हा शंभरी पार.

कल्याण_स्लो | रात्री ९:१७

अरे हो. म्हणजे सीरम दोघांनाही लागणार. गणित मागे घेतो.

पार्लेकरीण | रविवार, सकाळी ९:४०

काल रात्री मुलाबरोबर शेवटची वीस मिनिटं तीनदा पाहिली. सह्यकडांना खोडायलाच बसले होते. आता जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगते.

एक, बकी. स्टीव्ह निघताना बकी त्याला मिठी मारून म्हणतो, तुझी आठवण येईल. पाच सेकंदांसाठी जाणाऱ्या माणसाला असं कोण म्हणतं? स्टीव्ह आला नाही तेव्हा सॅम आणि बॅनर गडबडतात, बकी नाही. तो वळतो, बाकाकडे बघतो, आणि सॅमलाच पुढे जायला सांगतो. म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालं होतं. हे दोन्ही बाजूंना चालेल.

दोन, बॅनर. सॅम त्याच्यावर ओरडतो, त्याला परत आण. बॅनर बटणं दाबत म्हणतो की तो त्याच्या ठरलेल्या वेळेला ओलांडून पुढे गेला. मी तिथे थांबवलं. ओलांडून गेला, हे यंत्राला कळलं कसं? लेखक म्हणतात तसा तो चाळीसच्या दशकात जाऊन तिथेच थांबला असेल आणि दिवसामागून दिवस जगत आला असेल, तर यंत्राला काहीच दिसलं नसतं. नुसता ‘सिग्नल नाही’ आला असता. बॅनरला काहीतरी जाताना दिसलं. म्हणजे स्टीव्ह त्या क्षणी प्रवासात होता आणि प्लॅटफॉर्म टाळून पुढे निघून गेला.

मुलगा म्हणाला, आई, तू हरलीस. हरले. १९५३ च्या मुलाखतीतला नवरा कोण ते मला आता परत शोधावं लागणार.

सह्यकडा | सकाळी ९:५२

पार्लेकरीण ताई, हे मी स्वतः चार वेळा बघून निसटलं होतं. माझ्या थिअरीचा सगळ्यात पक्का खांब तुम्ही रोवलात. फक्त एक दुरुस्ती करावी लागेल. बाकावर तो थोडा आधी उतरला असं मी म्हटलं होतं. बॅनरच्या म्हणण्यावरून तो प्लॅटफॉर्मजवळून त्याच क्षणी गेला. म्हणजे आधी नाही, तेव्हाच, फक्त जागा वेगळी.

टेन्सर | सकाळी १०:१५

मग अंगावर साधं जाकीट कसं? प्रवासाचा सूट कुठे गेला? टोनीच्या सूटसारखा तो आत जात असेल तर प्रश्न नाही. पण ढालीची गोल पिशवी बाकाला टेकवून, पाय सोडून निवांत बसायला वेळ हवा. मला तुमचं आधीचंच बरोबर वाटतं. बॅनरला जे जाताना दिसलं ती खूण असेल, माणूस नव्हे.

सह्यकडा | सकाळी १०:२८

हं. जाकिटाचा विचार केला नव्हता. पुन्हा बघतो.

जुना_गडी | सकाळी ११:००

नातवाला विचारलं. तो म्हणतो, आजोबा, ते लवकर येऊन तळं बघत बसले होते. मोठी माणसं स्टेशनवर अर्धा तास आधी जाऊन बसतात ना, तसं.

रानजाई | सकाळी ११:०८

नातवाला माझा नमस्कार सांगा. तिकडच्या बर्फातल्या स्टीव्हचं काय झालं तेही त्याला विचारा, मला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

जुना_गडी | सकाळी ११:३१

विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, काढलं असेल, आणि ढाल त्याचीच असेल, त्यानेच दिली असेल.

रानजाई | सकाळी ११:३३

किती वर्षांचा आहे हा?

जुना_गडी | सकाळी ११:३५

नऊ.